देवचाराचा रस्ता

यंदाही काजू पिकले. बेशरमपणालाही काही हद्द असते! डोंगराची अर्धी कातडी सोलून काढली, पोटाची शीर कापली, टाळक्यावर काचेचे बंगले ठोकले; आणि ही झाडं पुन्हा लाल-पिवळे बोंडू लटकवून उभी, जणू मधल्या काळात काही झालंच नाही. सकाळी पोदेराची वाट बघत पायरीवर बसलो होतो, पाव यायच्या आधी वास आला आणि माझं डोकं फिरलं. हंगामाचा वास आला की लोकांना म्हणे बालपण आठवतं. मला शिव्या आठवतात. त्यातल्या बऱ्याचशा मालवणी आहेत, म्हणजे इथे लिहिता येण्याजोग्या नाहीत.

पेडण्याकडच्या बोंडवाचा वास म्हणजे अत्तराच्या बाटलीतला वास नव्हे. तो अंगावर धावून येतो. ऐन मार्चात आमच्या डोंगरावरून उडणारा कावळा दोडामार्गाला निघालेला असला तरी संध्याकाळी वास्कोला उतरतो. मोपाला येणारं विमान आमच्या डोंगरावर पोचलं की जरासं डुलतं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. बायको म्हणते वाऱ्यामुळे डुलतं. ती डिचोलीची. खनिजाच्या धुळीत वाढलेल्या माणसाच्या नाकावर किती विश्वास ठेवायचा हे तुम्हीच ठरवा.

मला सांगायचं आहे ते एका हंगामाबद्दल. मोपाचं विमानतळ सुरू होऊन थोडा काळ लोटला होता आणि आमच्या वाड्यावर जो तो एकदम जमिनीचा जाणकार झाला होता. तोवर सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचा, कातळ कुणी फुकटही घेतला नसता. आता तिथल्या दगडाला ‘व्ह्यू’ फुटला होता. त्याच हंगामात आम्ही लढाई जिंकलो. अशी जिंकलो की त्या जिंकण्याने आमचं वाटोळं केलं.

आधी शेवंतीकाकीची ओळख करून देतो. काकी म्हणजे आमच्या वाड्याची काजूची भट्टी. डोंगराच्या कुशीत खडकात कोरलेली उथळ कुंडी आहे, तिला आम्ही कोळंबी म्हणतो. तिथे बोंडू तुडवायचे, रस मुरवायचा, मडक्यात उकळायचा आणि त्याची वाफ गार करून थेंब थेंब हुर्राक धरायचा. आगीला लाकूड कुणीही देईल. भट्टीचा जीव असतो थंड पाण्यात. वाफ गार झाली तरच दारू. नाही तर नुसता करपट काढा. आणि तसलं थंडगार पाणी सबंध पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होतं, आमच्या झरीत, काकीच्या भट्टीपासून हाकेच्या अंतरावर. त्या पाण्यावर तिच्या सासूने भट्टी चालवली, सासूच्या सासूने चालवली. काकीच्या हुर्राकाच्या वासाने एकदा तिरडीवरचा माणूस उठून बसला होता आणि “लिंबू खंय?” म्हणून विचारलं होतं. कुणाला खोटं वाटत असेल त्याने त्या माणसालाच विचारावं. तो नंतर पुन्हा मेला, ही गोष्ट वेगळी.

झरीचंही एक शास्त्र होतं. माघात, बोंडू धरायच्या आधी, घरटी एक माणूस डोंगरावर जायचं. बायका पालापाचोळा ओढायच्या, वणवा चढू नये म्हणून डोंगराभोवती पट्टा झाडून काढायच्या. पुरुष झरीतला चिखल उपसायचे. पण चिखलाला हात लावायच्या आधी भिकू घाडी पाण्यात उतरायचा. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस. तो झरीतल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, एकेक करून उचलायचा, पाणी भरलेल्या तांब्याच्या घागरीत ठेवायचा. सफाई झाली की आधी कुर्ल्या आत, मग माणसांची ओंजळ. का, म्हणून विचारलं तर तो म्हणे, “अरे, त्यो शीर उघडी ठेवतत. तू ठेवशील काय रे, नांग्यो नसलेल्या?” पर्यावरण हा शब्द त्याने जन्मात उच्चारला नसेल. परवा शहरातून एक मंडळी आली आणि आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवून पाणी जपायला शिकवून गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या, सामोसे खाल्ले. मला त्या सामोशाची अजून ढेकर येते.

तर त्या साली एका सकाळी सड्यावर जेसीबी दिसला. पिवळाधमक, जणू कुणा राक्षसाने दात काढून ठेवलाय. वरचा सडा कुणा बाहेरच्या साहेबाने घेतला होता आणि वर चढायला रस्ता हवा म्हणून डोंगर कापायला सुरुवात झाली होती. सड्याच्या खालचा उतार मात्र गावाचा, पिढ्यानपिढ्या सगळ्यांचा. आम्ही अर्ज घेऊन फिरलो. या खिडकीवरून त्या खिडकीवर. खिडकीतला माणूस फाईल बघायचा, मग आमच्याकडे बघायचा, मग पंख्याकडे. उत्तर एकच, “बघूया.” त्या ‘बघूया’त सबंध गोवा बसेल इतकी जागा होती.

देवळासमोर बैठक भरली. मुठी आपटून झाल्या, गाऱ्हाणी झाली. मागे बसलेली काकी पदर खोचत उठली.

“कायद्याक ते भियत नाय,” ती म्हणाली. “पण मशीन चलयतलो कोण? आपल्याकडचोच ना? तो देवचाराक भितलो.”

मग भिकू घाडी हळूच हसला.

आमच्याकडे गावाला एक राखणदार असतो, तोच देवचार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पायात कातडी वहाणा. तो रोज गावाची शीव फिरतो. वर्षातून एकदा त्याला नव्या वहाणा द्यायच्या. जुन्या बघितल्या तर तळवे झिजलेले असतात. त्याचं स्थान शिवेवरच्या किंदळीच्या झाडाखाली होतं, एक उभा दगड. काकीचं म्हणणं इतकंच की, फिरता फिरता देवचार झरीच्या माथ्यावर घटकाभर टेकत असणारच. तर तिथेही त्याच्यासाठी एक दगड ठेवावा. यात खोटं काय? मीही फिरता फिरता चार ठिकाणी टेकतो आणि तिथे तर दगडही नसतो, हुर्राकाचा गडू असतो.

भिकूने दगड उभा केला, देवाला गाऱ्हाणं घातलं, रोटाचा नैवेद्य दाखवला, विडी ठेवली. ज्या जागेवरून रस्ता जाणार होता नेमका तिथे देवचार टेकला. आणि मग गाव कामाला लागलं! सांगणारे आम्ही, ऐकणारेही आम्हीच. कुणाला झाडाएवढा पुरुष दिसला. कुणाला नुसती काठी चालताना दिसली. माझ्याकडून त्यात एक पांढरा कुत्रा गेला. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे परत आला तेव्हा वाघ झाला होता. मशीन चालवणारा बांद्याकडचा, चांगला धट्टाकट्टा गडी. भर दुपारी, जेवून आडवा झालेला असताना, त्याच्या उशाशी वहाणा करकरल्या. कुणाच्या, ते विचारू नका. तो उठला तो थेट काकीच्या भट्टीवर येऊन कोसळला.

“काय झाला रे?” काकीने विचारलं.

“मशीन सायबाची, डोंगर तुमचो,” तो धापा टाकत म्हणाला, “पण मान माझी आसा!”

त्याने चावी कोळंबीच्या काठावर ठेवली आणि गेला. त्याच्या जागी दुसरा आला, तो चहा पिऊन गेला. तिसरा फोनवरच गेला. मशीन उभं राहिलं, त्याच्या फाळात बुलबुलांनी घरटं केलं.

तो हंगाम! मी आयुष्यात तसा हंगाम पाहिला नाही. बोंडू इतके लागले की फांद्या जमिनीला टेकून विश्रांती घेत होत्या. भट्टीवर जो येई त्याला काकी बोंडवाचा ताजा रस, निरो, पाजत होती आणि प्रत्येकाला देवचाराची नवी गोष्ट सांगत होती. झरीचं पाणी ओंजळीत घेतलं तर दात शिवशिवायचे. संध्याकाळी आम्ही कातळावर बसून खाली पसरलेली हिरवी शेतं बघायचो आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचो. कागदाने जे झालं नाही ते दगडाने केलं होतं. आमच्यासारखे हुशार आम्हीच.

इथेच राग सुरू होतो. तो आजतागायत थांबलेला नाही.

साहेब स्वतः आला. आम्हाला वाटलं, चिडेल, वकील आणेल, गुंड आणेल. आम्ही तयारीत होतो, काकीने तर उकळत्या रसाची बाल्दी हाताशी ठेवली होती. पण साहेब गाडीतून उतरला आणि त्याने आधी बूट काढले. त्या तापलेल्या कातळावर अनवाणी चालत गेला. देवचाराच्या दगडासमोर त्याने चक्क लोटांगण घातलं. नारळ, फुलं, हार, उंची विडीचं सबंध बंडल. आमच्यापैकी कुणी देवचाराला कधी लोटांगण घातलं नव्हतं. बाजूला दामू उभा, आमच्याच वाड्यावरचा, जमिनीची दलाली करणारा. तो साहेबाचं हिंदी आम्हाला आमच्या भाषेत करून देत होता.

“सायब म्हणतत, इतको जागृत देव आनि उघड्यार? पावसात भिजता? तुमका काळीज आसा काय नाय? ते स्वताच्या खर्चान घुमटी बांधून दितले. टायली घालून. आनि म्हाताऱ्यां माणसांक दर्शनाक येवक बरो रस्तो.”

रस्ता!

मी तोंड उघडलं. माझ्या आधी चार जणांनी “देव बरें करूं” म्हणून आभार मानून टाकले होते. एका आजीने डोळे पुसले. तिला गुडघ्यांमुळे वर चढता येत नव्हतं. एकटा भिकू घाडी काठी आपटत पुढे आला.

“अरे, तो चालपी देव! तेच्या वहाणो झिजतत त्या काय बसून? तेका छप्पर घालतास? घर बांधून दिलास तर तो राखणदार रवचो नाय, सायबाचो वॉचमन जातलो!”

दामू हसून म्हणाला, “भिकूकाका, तुमका देवाचा बरा झालेला सोसना नाय.” आणि लोक हसले. मला ते हसू विसरता येत नाही. साहेबाच्या पैशाला हसले असते तर एक वेळ चाललं असतं; हसले ते भिकूला.

साहेबाला डोंगर कापायचा होता तेव्हा आम्ही आडवे पडलो होतो. देवाचा रस्ता म्हटल्यावर आडवं कोण पडणार? ज्यांनी जेसीबी पळवला त्यांनीच जेसीबीला झेंडूची माळ घातली. फाळातलं घरटं हळूच काढून झाडावर ठेवलं, इतके आम्ही दयाळू! काकीने स्वतः मशीनच्या काचेवर कुंकू लावलं. चोराला दार उघडून देणारे जगात पुष्कळ आहेत. चोराला ओवाळून आत घेणारे फक्त आम्ही. हा मूर्खपणा दुसऱ्या कुणाला जमणार नाही. त्यासाठी आमच्यासारखी श्रद्धा लागते, आणि आमच्यासारखी हुशारी.

रस्ता झाला. घुमटी पण झाली. न्हाणीघरात शोभतील अशा गुलाबी टायल्या, आत पंखा, कारण साहेबाला वाटलं देवाला उकडत असेल. रस्त्याच्या कडेला डोंगर ढासळू नये म्हणून खोल पाया खणून काँक्रीटची भिंत घातली. ती भिंत बरोबर झरीच्या शिरेवर. वरच्या बाजूला अजूनही नेचे हिरवे होते; भिंतीच्या खालचे आठवडाभरात वाळून तपकिरी झाले. डोळे असलेल्या कुणालाही दिसत होतं. आम्ही देवदर्शन घेऊन येताना बघत होतो.

पुढल्या माघात सफाईला गेलो. भिकू पाण्यात उतरला. बराच वेळ दगडाखाली हात घालून चाचपत राहिला, या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात. मग रिकाम्या हाताने वर आला. घागरीत नुसतं पाणी होतं. होळी झाली तेव्हा झर करंगळीएवढी होती, आणि बोंडू भरात आले तेव्हा नुसता ओला डाग. काकीने तरीही भट्टी पेटवली. विहिरीचं पाणी डोक्यावरून आणून मडकं गार करायला गेली. ते मडक्यापर्यंत पोचता पोचताच कोमट व्हायचं. उतरलेला हुर्राक तिने जिभेवर घेतला, थुंकला, सगळा मातीत ओतला. मग निखाऱ्यांवर एक कळशी उपडी केली. इतक्या पिढ्यांची आग ‘फिस्स’ करून विझली. तो आवाज मी ऐकला आहे. त्या आवाजाबद्दल मला अतिशयोक्ती करता येत नाही.

तेव्हापासून उन्हाळ्यात सगळा वाडा खालच्या कोपऱ्यातल्या एका विहिरीवर. सकाळी रांग, संध्याकाळी रांग, रांगेत भांडणं. जन्मात एकमेकींना ‘अगो’ न म्हटलेल्या जावा कळशीवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. आणि आमच्या रांगेसमोरून, धूळ उडवत, देवाच्या रस्त्याने पाण्याचे टँकर वर जायचे. वर तोवर साहेबाचे काचेचे बंगले उभे राहिले होते, बंगल्याबंगल्याला पोहायचा तलाव. घुमटी आता फाटकाच्या आत गेली होती आणि फाटकावर दर्शनाच्या वेळा लागल्या होत्या. भिकू म्हणाला होता तेच झालं. आमचा देवचार साहेबाच्या दारात बसला होता, पंख्याखाली. त्या वर्षी वाहिलेल्या वहाणा मी मुद्दाम उलटून पाहिल्या. तळव्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली.

मला हल्ली कुणी शांतपणे विचार करायला सांगितलं की मी उठून जातो. शांतपणे विचार करणाऱ्यांनीच हा डोंगर खाल्ला.

तर यंदाचा माघ. सवयीने माणसं जमली, कोरड्या झरीवर. घमेली होती, फावडी होती, काढायला चिखल नव्हता. तरुण मुलं म्हणाली, “आता साफ काय करायचा? माती?” काकी खाली उतरली आणि खरवडायला लागली. कोरडी माती, खर्र खर्र. तो आवाज सगळ्यांच्या अंगावर आला. कुणीतरी फावडं उचललं आणि झरीऐवजी रस्त्याच्या भिंतीवर घातलं.

दामू धावत आला. त्याचे कान फार चांगले आहेत.

“हां! देवाचो रस्तो मोडतास? पिढ्यानपिढ्या फेडूचा लागतला! भिकूकाका, तुमीच सांगा.”

आणि खरं सांगतो, हात थांबले. इतका राग पोटात घेऊन आलेली माणसं, पण फावडी हवेत तशीच. देवाचा रस्ता! साहेबाने आमच्या हातांना असं कुलूप घातलं होतं, आणि त्याची किल्ली आमच्याच देव्हाऱ्यात होती. सगळे भिकूकडे बघायला लागले. भिकूने काठी उचलली आणि रस्त्याने वर चालू लागला. आम्ही मागोमाग. फाटकावरच्या माणसाने वेळ संपली म्हणून सांगितलं. तो आमच्या लोंढ्यात असा ओढला गेला की आम्ही थांबलो तेव्हा तोही हात जोडून उभा होता.

भिकूने घुमटीचा पंखा बंद केला. मग गाऱ्हाणं घातलं. मी आयुष्यभर गाऱ्हाणी ऐकली, पोरंबाळं सुखी ठेव, गुरंढोरं राख. देवाला झापलेलं पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्याच्या प्रत्येक बोलाला आम्ही सगळे होकार देत होतो.

“बा देवा म्हाराजा! तुका हंय हाडलो तो झर राखूक!”

“होय म्हाराजा!”

“तू बसलस गार वाऱ्यात, आनि झर मेली!”

“होय म्हाराजा!”

“आमी तुका कोंडलो, ती आमची चूक. तू कोंडून घेतलस, ती तुझी! आता ऊठ. तुझ्या नावाच्या रस्त्याक आमी हात घालतलो. राग इलो तर आमच्या मानेर काढ, पण पयलो ऊठ!”

“होय म्हाराजा!” हे असं झालं की वरच्या बंगल्यांची सगळी जनेलं, खिडक्यांची तावदानं, थरथरली. एक फुटलं असं मी सांगत असतो, ऐकणाऱ्यानुसार दोन.

दगड उचलला. टायल्या तटातट निघाल्या. त्याला खांद्यावर घेऊन, शिव्या आणि जयजयकार यांच्या मधलं काहीतरी ओरडत, आम्ही डोंगर उतरलो आणि शिवेवरच्या किंदळीखाली, जुन्या दगडाशेजारी, त्याला उभा केला. मागे वळून पाहिलं. आता तो देवाचा रस्ता नव्हता. गावाच्या उतारावरून न विचारता गेलेला नुसता एक रस्ता होता. दामू आता पाप कसलं सांगणार? देव तर आमच्या बाजूला येऊन उभा राहिला होता.

मग पहारी चालल्या. भिंत फोडली, डांबर उखडलं, शिरेच्या रेषेत आडवा चर खणला, पुरुषभर खोल. तळाशी माती ओली लागली. नुसती ओली, पाणी नाही. कुणीतरी रडकुंडीला येऊन विचारलं, “भिकूकाका, येतला मा?” भिकू म्हणाला, “एक पावसाळो पोटात गेल्याबगर ती तोंड उघडूची नाय. तोपर्यंत ह्यो चर कोणाक बुजवूक देव नका. बस.”

पोलीस आले. इन्स्पेक्टरने विचारलं, रस्ता कुणी मोडला. सगळा वाडा एका सुरात म्हणाला, “देवचारान.” तो कुठे आहे, असं त्याने विचारलं. “फिरता,” काकी म्हणाली. तो माणूस आमच्याच बाजूचा असावा. त्याने पटकन एकदा मागे वळून पाहिलं. पुन्हा येतो म्हणून गेला. येऊ दे. रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आमच्यापैकी पाळीपाळीने कुणी ना कुणी चराच्या काठावर बसलेलं असतं.

आज माझी पाळी होती. बोंडवाचा वास सुटला होता, काकीची भट्टी थंड होती आणि माझं डोकं तापलं होतं. दुपारी टँकर आला, चराशी अडला, भोंगा वाजवत राहिला. मी त्याच्याकडे पाठ करून विडी ओढली. बऱ्याच वेळाने वरून एक बाई चालत आल्या. मोठी टोपी, काळा चष्मा, पायात घरातल्या मऊ सपाता. इतकं अंतर त्या डोंगरावर पहिल्यांदाच पायी उतरल्या असाव्यात. त्याच वेळी काकी दोन रिकाम्या कळश्या घेऊन खालच्या वाटेने निघाली होती. बाईंनी तिलाच गाठलं. हिंदीत म्हणाल्या, तलाव सोडा, साठवलेलं पाणीही संपलं, नळालासुद्धा दोन दिवस थेंब नाही, घरात लहान मुलं आहेत. आम्ही पाणी आणायचं तरी कुठून?

मला वाटलं, आता काकी फाडून खाणार. मी तर विडी विझवून नीट बसलो.

काकीने बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या मऊ सपातांवर नजर जरा थांबली. मग तिने कमरेवरची कळशी काढली, बाईंच्या हातात दिली आणि खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

“ती बावडी. रांग आसा. माझ्या पाठसून उबी रव.”